डेस्कटॉपची अदलाबदल आणि मराठी लेखन

लिनक्स प्रणालीत संगणकाचा गाभा आणि त्यावरील दर्शनी मांडणी, म्हणजे डेस्कटॉप, या परस्परांपासून भिन्न वस्तू होत. केडीई या मांडणीचे कार्य १९९६ साली व ग्नोमचे १९९७ साली आरंभिले गेले. तेव्हापासून मांडणीची निवड वापरणाराच्या हाती आहे.

पडेगावातील एखाद्या विद्यार्थ्याने आपला जुना संगणक जलद चालावा म्हणून ग्नोमऐवजी एक्सएफसीई ही हलकी मांडणी बसविली, असे समजू. प्रवेशाच्या पडद्यावर तिची निवड करताच ती सुरू होते. फायली जेथल्या तेथे राहतात. रेड हॅटने प्रसृत केलेला लोहित देवनागरी हा टंक सर्व मांडण्यांस सामाईक असल्याने मराठी मजकूरही पूर्ववत दिसतो. कळफलकावरून मात्र इंग्रजीच उमटू लागते!

याचे कारण असे की, मराठी अक्षरे जुळविणारी आयबस ही आज्ञावली ग्नोम आपण होऊन सुरू करते; एक्सएफसीईत ती सत्रारंभी सुरू होण्याची व्यवस्था पुष्कळदा आपणांस करावी लागते. ती एकदा केली की लेखन पूर्ववत चालू होते. एवढे ठाऊक नसल्यास 'येथे मराठी लिहिता येत नाही' असा ग्रह होऊन मनुष्य मराठी लिहिणेच सोडून देतो. वस्तुतः हा दोष भाषेचा नव्हे व यंत्राचाही नव्हे. मांडणी बदलताना मागे राहिलेल्या एका दुव्याचा तो परिणाम होय.