ब्रेकचा तोल

एस.टी.ची गाडी एकाएकीं थांबली म्हणजे उभे असलेले उतारू पुढें झुकतात, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. त्याच क्षणीं गाडीचा भारहि पुढच्या चाकांवर येतो आणि मागचीं चाकें हलकीं होतात. ब्रेकच्या शास्त्राचें मूळ एवढ्याच गोष्टींत आहे.

ज्या चाकावर भार अधिक, त्याची रस्त्यावरील पकड अधिक. म्हणून पुढचे ब्रेक जोरकस ठेवावे लागतात. दोहोंचा जोर सारखा ठेवला, तर हलकीं झालेलीं मागचीं चाकें आधीं जखडतात व घसरतात. घसरत्या चाकाला गाडी बाजूनें सांवरतां येत नाहीं. तिची पाठ एका अंगास फिरते व ती गरगरते. उलट पुढचीं चाकें जखडलीं, तर स्टीअरिंग कितीहि फिरवा, गाडी सरळच जाते.

पाठ फिरण्याचें हें संकट मुद्दाम ओढवून घेण्याची कला जपानांत १९७० नंतर शर्यतींतून व घाटरस्त्यांवरून रूढ झाली; तिला ‘ड्रिफ्टिंग’ म्हणतात. वळणाशीं हातब्रेक क्षणभर ओढून मागचीं चाकें जखडावयाचीं, मग ब्रेक सोडून त्याच चाकांना इंजिनाचा जोर द्यावयाचा व स्टीअरिंग उलट फिरवून तोल सांभाळावयाचा. आपल्याकडील बहुतेक घरगुती मोटारींत इंजिन पुढचींच चाकें फिरवितें. तेव्हां तरुणांनीं हा खेळ रस्त्यावर करूं जाणें म्हणजे अपघातास आमंत्रणच होय.

आमच्या पुणतांब्याकडे गळिताच्या हंगामांत उसाच्या ट्रॅक्टरांबरोबर शेतांतील काळी माती डांबरी रस्त्यावर येते आणि पावसाच्या एका सरीनें ती साबणासारखी निसरडी होते. शिर्डीस निघालेल्या परगांवच्या चालकास याची कल्पना नसते. कोरड्या रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार ब्रेक लागल्यावर सुमारें ९ मीटरांत थांबते. वेग दुप्पट होतांच ३६ मीटर लागतात, कारण अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. चिखलावर तें याहूनहि पुष्कळ वाढतें.

भारतांत एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत चाक जखडूं न देणारी ए.बी.एस. योजना सक्तीची आहे. ती चालूं लागली कीं पेडल थरथरतें. भिऊन पाय उचलूं नये, दाबूनच ठेवावा. जुन्या गाडींत मात्र चाक जखडतांच दाब सैल करावा.

चाकाची पकड ही मोजकी पुंजी आहे. ती सगळी ब्रेकवर खर्चिली, तर वळण्यास कांहीं उरत नाहीं. म्हणून वेग आवरावा तो वळणाआधीं, सरळ रस्त्यावर असतांनाच. गाडींत आपलीं मुलेंमाणसें बसलेलीं असतात, हें ध्यानीं असूं द्यावें.