हजेरीचं बळ

एखाद्या गावात शिरताना रस्त्याकडेला दातेरी चाकाची निळी-पिवळी पाटी दिसते. रोटरी क्लब आपलं स्वागत करीत आहे, असं तिच्यावर लिहिलेलं असतं. पाटी जुनी असेल तर खाली आणखी एक ओळ सापडते: सभा दर बुधवारी, सायंकाळी साडेसात, अमुक हॉल. गावकऱ्यांना या ओळीचा काही उपयोग नसतो. ती असते परगावच्या रोटेरियनसाठी. तो फिरतीवर असला आणि त्याच्या स्वतःच्या क्लबची सभा चुकली, तर वाटेतल्या कुठल्याही क्लबात जाऊन बसायचं आणि तिथल्या सेक्रेटरीकडून तशी चिठ्ठी आणायची, की हजेरी लागली. याला 'मेक-अप' म्हणतात. बुडालेली सभा दुसऱ्या गावात जाऊन भरून काढायची, ही कल्पना आपल्या पतपेढीच्या किंवा गृहनिर्माण सोसायटीच्या सभासदाला सांगून पाहा. गणसंख्येअभावी सभा तहकूब करून अर्ध्या तासाने त्याच जागी, त्याच सात माणसांत भरवणारे आपण.

रोटरीची चेष्टा करणाऱ्यांना तिथलं जेवण दिसतं आणि कौतुक करणाऱ्यांना शिबिरातली रांग. मला वाटतं, या संस्थेचं खरं बळ त्या दोन्हींच्या मधल्या, जराशा कंटाळवाण्या, दर आठवड्याच्या सभेत आहे.

सभा साडेसातची म्हणजे पावणेआठला सुरू होते. रंगीत पट्ट्याची, माजी अध्यक्षांच्या नावांच्या पट्ट्या लटकवलेली कॉलर गळ्यात घालून अध्यक्ष घंटेवर टोला देतात. हा 'कॉल टू ऑर्डर'. मग प्रार्थना. मग पाहुण्यांची ओळख, त्या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, गुलाबाचं फूल, टाळ्या. सेक्रेटरी सूचना वाचतात: रविवारी रक्तदान शिबिर, पुढच्या महिन्यात डिस्ट्रिक्ट गव्हर्नरसाहेबांची ओसीव्ही म्हणजे अधिकृत क्लबभेट, ड्यूज अजून कोणाचे राहिलेत ते. सार्जंट-ॲट-आर्म्स नावाचा एक पदाधिकारी असतो. कोटाला पिन लावली नाही, मोबाईल वाजला, पेपरात फोटो आला, अशा गुन्ह्यांसाठी तो दंड करतो आणि पैसे डब्यात टाकायला लावतो. डबा धर्मादाय कामाला जातो. मग प्रमुख वक्ते. नवे डीवायएसपी, कृषी अधिकारी, हिमालयात जाऊन आलेली शिक्षिका, अर्थसंकल्पानंतरच्या आठवड्यात हमखास एक सीए. वक्त्याला पंचवीस मिनिटं मिळतात आणि त्याची ओळख करून देणारा त्यातली आठ खातो. शेवटी आभार, स्मृतिचिन्ह, राष्ट्रगीत, पुन्हा घंटा. आणि फेलोशिप, म्हणजे जेवण.

हे सगळं वर्षानुवर्षं पाहिलेला माणूस कंटाळतो हे खरं आहे. पण याच खोलीत शहरातला बालरोगतज्ज्ञ, बोअरवेलवाला, मुख्याध्यापिका, बसगाड्यांचा मालक आणि बँकेचा निवृत्त मॅनेजर दर आठवड्याला एकमेकांच्या शेजारी बसतात. एरवी त्यांची गाठ एखाद्या लग्नात पडली असती, तीही मांडवात उभ्याउभ्या.

वेगवेगळ्या व्यवसायांची माणसं एकत्र बसवणं हाच या संस्थेचा मूळ हेतू होता. 23 फेब्रुवारी 1905 रोजी शिकागोत युनिटी बिल्डिंगमधल्या 711 क्रमांकाच्या खोलीत चौघे जमले: वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाण अभियंता गस्टाव्हस लोअर आणि शिंपी हायरम शोरी. हॅरिस वाढले व्हरमाँटमधल्या लहानशा गावात, आजीआजोबांकडे. शिकागोत त्यांची वकिली चालत होती, पण ओळखीपाळखीचं माणूस नव्हतं. प्रत्येक व्यवसायातला एकच माणूस घ्यायचा आणि आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भेटायचं, असं ठरलं. त्या आळीपाळीवरूनच रोटरी हे नाव पडलं. सेवा वगैरे तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती. एकमेकांना धंदा द्यायचा, हा सरळ व्यवहार होता. 1906 मध्ये डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंट वकिलाला सभासद होण्याचं आमंत्रण मिळालं तेव्हा त्याने घटना वाचली आणि विचारलं, बाहेरच्या लोकांसाठी यात काय आहे? काही नव्हतं. मग नगरहिताचं कलम घातलं गेलं. 1907 मध्ये क्लबाने पहिलं मोठं सार्वजनिक काम हाती घेतलं ते शिकागोच्या मध्यवस्तीत सार्वजनिक स्वच्छतागृह उभारण्याचं. हा तपशील मला फार आवडतो. आज जगभर दोनशेहून अधिक देश-प्रदेशांत बारा लाखांच्या आसपास सभासद असलेल्या संघटनेची सेवा मुताऱ्यांपासून सुरू झाली. आपल्याकडच्या एसटी स्टँडांची अवस्था पाहता तिथे परत वळायलाही हरकत नाही.

भारतात पहिला क्लब 1919 मध्ये कलकत्त्याला निघाला, मुंबईत 1929 मध्ये. सुरुवातीचे क्लब साहेबी थाटाचे होते आणि त्या थाटाचे अवशेष अजून आहेत. अमेरिकेत सभासदांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची, असा दंडक होता. आपल्याकडे तो मोडला गेला, आणि बरंच झालं. तालुक्याच्या क्लबात तीस वर्षांची ओळख असली तरी 'डॉक्टर', 'वकीलसाहेब', 'शेठ', 'अण्णा' हेच चालतं. सभासदाची बायको मात्र बराच काळ 'ॲन' राहिली आणि मुलं 'ॲनेट'. 1914 मध्ये अधिवेशनाला निघालेल्या खास गाडीतून प्रवास करणाऱ्या ॲन ब्रुनियर या बाईंवरून ही प्रथा सुरू झाली. बायकांना जेवणाला बोलवायचं, सभासद करायचं नाही. 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते इथल्या क्लबाने स्त्रियांना प्रवेश दिला म्हणून त्याची सनदच काढून घेतली गेली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, 1987 मध्ये क्लब जिंकला आणि 1989 मध्ये रोटरीने जगभर दार उघडलं. पहिली स्त्री जागतिक अध्यक्ष व्हायला 2022 उजाडलं. चांगुलपणाच्या गप्पा मारणाऱ्या संस्थेने कोर्टाने सांगितल्यावर हे करावं, ही गोष्ट भूषणावह नाही.

एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदार सभासदाला रोटरीच्या बोधचिन्हाबद्दल विचारा, तो हमखास एक किस्सा सांगेल. चाकाला सहा आरे आणि चोवीस दाते ठरले, पण मध्यभागी दांड्याला चाक अडकवायची चावीची खाच नव्हती. अभियंत्यांनी हरकत घेतली की हे चाक नुसतं गरगरेल, शक्ती पुढे देणार नाही. 1924 मध्ये खाच आली. साप्ताहिक सभा ही मला त्या खाचेसारखी वाटते.

त्याचा प्रत्यय शिबिरात येतो. मोतीबिंदूचं शिबिर घ्या. फोटोत दिसतात ते डोळ्याला पट्टी लावलेले आजीआजोबा आणि मागे उभे सभासद. शस्त्रक्रिया अर्थातच रुग्णालय करतं, क्लब नव्हे. क्लबाचं काम त्याआधी आणि नंतर असतं. वाड्यावस्त्यांवर रिक्षा फिरवायची. शाळेचे वर्ग मागून घ्यायचे. रक्तदाब आणि साखर तपासायला माणूस बसवायचा, कारण साखर वाढलेली असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. म्हातारीबरोबर कोण येणार, हे तिच्या सुनेशी बोलून ठरवायचं. बस सांगायची. पट्टी निघाल्यावर थेंब कसे आणि किती दिवस घालायचे ते दोनदा समजावायचं. बसवाला, डॉक्टर आणि मुख्याध्यापिका दर बुधवारी भेटत असतील तर ही जुळणी दहा मिनिटांत होते. भेटत नसतील तर फोनवर फोन होतात आणि शिबिर पुढच्या महिन्यावर जातं.

पुण्यातल्या क्लबांनी एलएन-4 नावाचे कृत्रिम हात बसवण्याची शिबिरं घेतली, तीही याच पद्धतीने. एका अमेरिकन डिझायनरने आपल्या अकाली गेलेल्या मुलीच्या स्मरणार्थ हा हात बनवला. कोपराखाली हाताचा थोडा भाग शिल्लक असला की तो बसतो, शस्त्रक्रिया लागत नाही आणि तो फुकट देतात. यंत्रात हात गमावलेला कामगार त्याने पेन धरतो, सायकलचं हँडल धरतो. अडचण हाताची नसतेच. गरजू माणूस शोधून त्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी आणणं ही असते.

पण सभेच्या सवयीची सर्वांत मोठी परीक्षा पोलिओने घेतली. 1979 मध्ये फिलिपिन्समधल्या साठ लाख मुलांना लस देण्याचं काम रोटरीने अंगावर घेतलं. त्यातून 1985 मध्ये पोलिओप्लस ही जागतिक मोहीम उभी राहिली. 1988 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने निर्मूलनाचं उद्दिष्ट स्वीकारलं तेव्हा जगात वर्षाला साडेतीन लाख मुलं पोलिओने पांगळी होत होती. भारतात 1995 पासून पल्स पोलिओचे रविवार सुरू झाले. त्या रविवारांची आठवण चाळिशीपुढच्या प्रत्येक पालकाला असेल: बूथवरचं पिवळं बॅनर, बर्फाच्या पेटीतली लस, दोन थेंब आणि बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. दुसऱ्या दिवसापासून घरोघर फेरी, स्टँडवर, रेल्वेत, ऊसतोड कामगारांच्या पालांवर आणि वीटभट्ट्यांवर.

इथे श्रेयाची वाटणी नीट केली पाहिजे. लस पाजली ती सरकारी आरोग्यसेविकांनी आणि अंगणवाडी ताईंनी. रोटरीने जगभर मिळून दोन अब्ज डॉलरहून जास्त पैसा घातला, बूथवर माणसं बसवली, गाड्या दिल्या, सेविकांना चहा-नाश्ता पोचवला. उत्तर प्रदेशात लशीबद्दल अफवा पसरल्या तेव्हा मौलवींची समिती उभी करून त्यांच्याकरवी लोकांची समजूत घातली. 2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, जगातले जवळपास निम्मे. 2010 मध्ये 42. 2011 मध्ये एक, हावडा जिल्ह्यातला, 13 जानेवारीचा. त्यानंतर जंगली विषाणूचा एकही रुग्ण नाही. 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. आता जंगली विषाणूचा फैलाव पाकिस्तान आणि अफगाणिस्तान या दोनच देशांत कधी थांबलेला नाही, आणि क्लबांचे पैसे अजून तिकडे जात आहेत.

1985 ते 2011 म्हणजे 26 वर्षं. रोटरीत अध्यक्ष एका वर्षाचा असतो, 1 जुलै ते 30 जून. म्हणजे एकेका क्लबात सव्वीस अध्यक्ष बदलले आणि काम तेच राहिलं. हे फार दुर्मीळ आहे, कारण या एका वर्षाच्या मुदतीत रोटरीचा सगळ्यात मोठा दोष लपलेला आहे. प्रत्येक नव्या अध्यक्षाला स्वतःचा प्रकल्प हवा असतो. जुलैत पदग्रहण सोहळा, ऑगस्टमध्ये झाडं, सप्टेंबरात शिक्षकांचा सत्कार, मे महिन्यात घाईघाईने उरलेली उद्घाटनं. गेल्या वर्षीच्या अध्यक्षाने शाळेला दिलेल्या हात धुण्याच्या नळांना पाणी येतं का, हे विचारण्यात कोणाला रस नसतो. ई-लर्निंगचा संच कपाटात कुलपाखाली असतो, कारण दुरुस्ती कोणी करायची ते ठरलेलं नाही. रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटला किमान 30,000 डॉलरचा प्रकल्प लागतो, परदेशी भागीदार क्लब लागतो, गावाची गरज आधी तपासून दाखवावी लागते आणि परिणाम कसा मोजणार तेही लिहून द्यावं लागतं. एवढी शिस्त डायलिसिस यंत्राच्या वेळी सांभाळणारा क्लब वह्यावाटपाच्या वेळी बॅनरचा आकार तेवढा मोजतो.

2016 मध्ये रोटरीने हजेरीचे नियम सैल केले. महिन्यातून दोन सभा झाल्या तरी चालतात, ऑनलाईन चालतात, सेवाकार्यालाच सभा मानता येतं. तरुणांना दर आठवड्याची संध्याकाळ देणं परवडत नाही, हे कारण खोटं नाही. तरीही माझं मत असं, की बसवाला आणि बालरोगतज्ज्ञ महिन्यातून दोनदा भेटले तर मैत्री टिकेल, शिबिर टिकणार नाही.

तुमच्या गावातल्या क्लबाने कधी पाहुणे म्हणून बोलावलं तर जरूर जा, भाषण ऐका, जेवा. आणि सेक्रेटरींच्या सूचना वाचून झाल्या की हात वर करून विचारा, गेल्या वर्षी बांधलेल्या बंधाऱ्यात यंदा पाणी किती महिने टिकलं. उत्तर लगेच आलं तर पुढच्या प्रकल्पाला निर्धास्तपणे देणगी द्या.