पौषातली ऊब आणि अंगणातली कामं

संक्रांत झाली, पौष सरत आला. या दिवसांत एरवी आपल्या माणदेशात सकाळी शेकोटीपासून उठवत नाही. भांडी घासताना हात बधिर होतात, ऊन अंगणात उतरेपर्यंत कुठलं काम सुचत नाही. आणि आता बघा, चार-पाच दिवस झाले, पहाटे वाकळ अंगावरून बाजूला सरकतेय. दुपारी सावली शोधावी लागतेय. भर थंडीत अशी ऊब आली की बरं वाटतं. अंगणातली, परड्यातली तुंबलेली कामं हातासरशी होतात. आजचं बोलणं त्याच कामांबद्दल. कोणतं काम आत्ता उरकायचं, कुठलं थांबवायचं आणि या उबेत कशाची काळजी घ्यायची, ते बघू.

आधी ही ऊब येते कुठून ते समजून घेऊ. आपल्याकडं थंडी येते ती उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्यानं. तो वारा मंदावला आणि उगवतीकडून, म्हणजे बंगालच्या उपसागराकडून वारा वाहायला लागला, की तो सोबत ओल आणतो. आभाळ भरून येतं. रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते म्हणून पहाटे गारठा पडतो. पण ढगांचं पांघरूण असलं की ती ऊब खालीच राहते. म्हणून रात्र उबदार जाते. वारा पुन्हा फिरला, आभाळ निवळलं की दोन दिवसांत थंडी परत येऊ शकते. म्हणजे ही ऊब पाहुणी आहे. आलीय तोवर तिचा फायदा घ्यायचा, पण ती राहणारच असं धरून चालायचं नाही.

पहिलं काम वाळवणाचं. तूर घरात आलीय, हुलगा, मटकी डब्यात आहे. गोधड्या-वाकळांना दोन महिने ऊन दाखवलेलं नाही. ज्या दिवशी आभाळ मोकळं असेल, त्या दिवशी हे सगळं बाहेर काढा. हवेत ओल असताना धान्य सकाळी लवकर पसरू नका. दहाच्या सुमाराला, दव उडून गेल्यावर ताडपत्रीवर पातळ पसरा, तासा-दीड तासानं हात फिरवा आणि चारच्या आत गोळा करा. गोळा केलेलं धान्य लगेच कणगीत किंवा डब्यात भरायचं नाही. घरात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम धान्य झाकलं की आत घाम धरतो, मग बुरशी येते आणि भुंगाही लागतो.

धान्य वाळलं का ते ओळखायची सोपी रीत सांगते. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, झाकण लावून चांगलं हलवा. दहा मिनिटांनी बघा. मीठ बरणीला चिकटलं तर दाण्यात अजून ओल आहे, पुन्हा ऊन द्या. मीठ खाली सुटं राहिलं तर धान्य साठवायला चालेल. बियाण्याला मात्र जास्त जपा. ते पत्र्यावर किंवा काळ्या कागदावर भर दुपारी टाकू नका, बी भाजतं आणि उगवत नाही. पोत्यावर पसरा, कडक उन्हाच्या वेळी सावलीत ओढा.

याच ओघात कुणी म्हणेल, ऊन आहे तर कुरडया, पापडही घालून घेऊ. ती घाई नको. त्यांना कोरडं, खणखणीत ऊन लागतं. ढगाळ हवेत चीक आंबतो, कुरडई काळी पडते. फाल्गुन-चैत्र पुढं आहेच.

दुसरं काम परसबागेचं. या उबेत मेथी, पालक, कोथिंबीर लवकर फुलावर येतात. पानं निबर होतात आणि भाजीला चव राहत नाही. म्हणून आत्ता रोज थोडी थोडी खुडा. जास्त होत असेल तर शेजारी द्या, नाहीतर जुड्या बांधून बाजाराला पाठवा. बियाण्यासाठी चार-पाच जोमदार झाडं तेवढी राखा.

ढगाळ हवेत पावटा, वाल आणि कोबीवर मावा चढतो. पानं वळायला लागली की पान उलटून बघा. थोडा असेल तर शेंडा खुडून टाका. जास्त असेल तर निंबोळीचा अर्क करा. प्रमाण सोपं आहे: एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड. पाच लिटरला पाव किलो झाली. रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि संध्याकाळी फवारा. गेल्या पावसाळ्यात निंबोळ्या वेचून ठेवल्या असतील त्यांना आत्ता त्याचा उपयोग होईल.

उन्हाळी भाज्यांचं काय? माती उबदार झाली की बी लवकर रुजतं, त्यामुळं आत्ताच भेंडी-गवार टोकावी असं वाटतं. पण थंडी परतली तर कोवळं रोप आखडून बसतं. त्यापेक्षा दोडका, काकडी, कारलं, भोपळा यांचं बी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत लावा. पिशवीला खाली दोन भोकं पाडा, माती आणि शेणखत निम्मं-निम्मं भरा. गारठा आला तर पिशव्या उचलून वळचणीला ठेवता येतात. दोन-तीन पानं फुटली की मुळाची माती न फोडता लावायच्या. भेंडी-गवार मात्र फेब्रुवारीत थेट वाफ्यातच टोका.

तिसरं काम कोंबड्या-शेळ्यांचं. थंडीसाठी खुराड्याला गोणपाट बांधलेले असतात. उबदार रात्री ते पूर्ण बंद ठेवले तर आत विष्ठेचा उग्र वास कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि पक्ष्यांना सर्दी होते. वरचा हातभर भाग उघडा ठेवा म्हणजे हवा खेळेल. गोणपाट काढून टाकू नका, पहाट कधी गारठेल सांगता येत नाही. एका मोठ्या कोंबडीला दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं, ऊन वाढलं की त्याहून जास्त. पाण्याचं भांडं सावलीत ठेवा. मानमोडीची लस राहिली असेल तर गटातल्या सगळ्यांच्या कोंबड्यांचा आकडा काढून पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदमच सांगा. शेळ्यांच्या गोठ्यातली ओली लेंडीखताची थप्पी आत्ता काढा, जमीन वाळू द्या आणि चुना भुरभुरा.

आता आजच्या बोलण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही ऊब आपल्याला छान वाटते, पण ती पाण्याच्या हंड्यातून जाते. उन्हानं वाफ्यातली ओल लवकर उडते, झाडं पाणी मागतात, आपण एका हंड्याऐवजी दोन ओततो. पौषात जादा ओतलेला हंडा आडातूनच येतो आणि वैशाखात तोच आपल्याला कमी पडतो. तो दूरवरून आणायचा कुणाच्या डोक्यावरून, हे मी तुम्हाला सांगायला नको. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२३ चा फेब्रुवारी हा देशात दिवसाच्या सरासरी तापमानाच्या बाबतीत १९०१ पासूनचा सर्वात उष्ण फेब्रुवारी ठरला. म्हणजे असे दिवस पुढंही येणार. ऊब आली की आधी ओल राखायची, ही सवयच लावून घेऊ.

ती राखायची कशी? वाफ्यात खुरपं फिरवून वरची माती भुसभुशीत करा, भेगा बुजल्या की ओल उडत नाही. त्यावर चार बोटं जाडीचा पालापाचोळा, तुरीचा भुसा, वाळलेलं गवत पसरा. पाणी दुपारी घालू नका, सकाळी लवकर घाला. भोपळा, दोडक्याच्या आळ्याजवळ जुनं मडकं पुरा, बुडाला बारीक भोक पाडून चिंधीची वात बसवा आणि तोंडावर झाकण ठेवा. मुळाशी हळूहळू ओल मिळते. भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी वाया घालवू नका.

शेवटचं सांगते ते आनंदाचं. थंडीत प्रत्येकजण आपापल्या चुलीपाशी असते. अशा उबदार दिवसांत मात्र सगळ्या अंगणात दिसतात. मग कामं एकटीनं का करायची? आपल्याकडं सावडीची रीत जुनी आहे. आज हिच्या अंगणात तूर निवडायची, उद्या तिच्या गोठ्याची सफाई, परवा तिसरीकडं पिशव्या भरायच्या. काम निम्म्या वेळात होतं, गप्पा होतात, पोरं उन्हात खेळतात. घरात लेकी-सुनांच्या बरोबरीनं पुरुषांनाही गोठ्याच्या कामाला हाक मारा. थप्पी उचलायला दोन हात जास्त लागतातच.

आणि हे काम कुणाच्या हिशेबात येत नाही, म्हणून गटाच्या वहीत एक पान करा. किती जुड्या विकल्या, किती अंडी झाली, बाजारातून किती भाजी आणायची वाचली, ते दर आठवड्याला लिहा. कर्जासाठी बँकेत बसतो तेव्हा असं पान दाखवायला असलेलं बरं.

या आठवड्यात तीन कामं तरी कराच: तूर आणि वाकळांना ऊन, वाफ्यांना पाचोळ्याचं पांघरूण आणि वेलभाज्यांच्या पिशव्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी हवामानाचा कृषी सल्ला निघतो, तो गटातल्या एकीनं मोबाइलवर बघून बाकीच्यांना सांगायचा. पुढच्या बैठकीला येताना कुणाच्या पिशवीत पहिलं पान फुटलं ते ऐकायचंय मला.