वर्तुळाचे अंडे का झाले?

संगणकाच्या पडद्यावर वर्तुळ काढले तर ते वर्तुळच दिसावयास हवे, नाही का? पण आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका पडद्यावर ते अंड्यासारखे लांबट दिसू लागले! संगणक जुना होता आणि त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली नव्याने बसविली होती. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. तिचा सारा मजकूर कोणालाही वाचता येतो, सुधारता येतो. "पडदा गेला, भंगारात काढा," असा सल्ला आम्हाला लगेच मिळाला. भंगारात काढण्याची आपल्याकडे फार घाई असते! पण पडदा ठणठणीत होता. मग घोटाळा कोठे होता?

त्यासाठी आधी जुन्या काचेच्या नळीचा पडदा आठवू या. त्यात इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ काढीत खाली येई. वहीत लिहिताना ओळ संपली की हात उचलून पुन्हा डावीकडे न्यावा लागतो. झोतालाही असा वेळ द्यावा लागे. १९८७ साली आलेल्या व्हीजीए पद्धतीत चित्र ६४० ठिपके रुंद आणि ४८० ओळी उंच असे; परंतु वेळ मात्र ८०० ठिपक्यांचा व ५२५ ओळींचा राखून ठेवावा लागे. संगणक सेकंदाला २,५१,७५,००० ठिपके पाठवी. या संख्येला ८०० ने भागा. सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी झाल्या. आता ५२५ ने भागा. सुमारे ६० चित्रे!

पडदा आणि संगणक यांचे या आकड्यांवर एकमत हवे. १९९० नंतरच्या काही वर्षांत लिनक्स वापरणाऱ्यांना हे आकडे पडद्याच्या पुस्तिकेत शोधून हाताने लिहावे लागत. आकडा चुकला की चित्र फाटे, गरगरे. काही जुने पडदे तर एकाच वारंवारतेसाठी बनविलेले असत. झोत आडवा हलविणाऱ्या मंडलाला भलतीच वारंवारता दिली, तर त्यातील भाग तापून जळण्याची भीती असे.

यावर १९९४ साली तोड निघाली. 'व्हेसा' या उत्पादकांच्या संघटनेने ठरविले, की पडद्याने आपली ओळख स्वतःच सांगावी. या ओळखपत्राला 'एडिड' म्हणतात. मूळ ओळखपत्र अवघे १२८ बाइटांचे आहे. एका बाइटात ० ते २५५ पैकी एक संख्या मावते. पहिल्या आठ संख्या ठरलेल्या : आधी ०, मग सहा वेळा २५५, पुन्हा ०. शेवटची संख्या अशी निवडतात, की साऱ्या १२८ संख्यांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा. भाग गेला नाही, तर वाटेत काहीतरी बिघडले असे समजावे.

लिनक्समध्ये हे ओळखपत्र एका फाइलच्या रूपात पाहावयास मिळते. आम्ही ती उघडली, तर पूर्ण रिकामी! पडद्याची ओळख संगणकापर्यंत पोचलीच नव्हती. अशा वेळी लिनक्स फार धाडस न करता १०२४ × ७६८ हे मध्यम माप धरते. त्याचे प्रमाण ४ : ३. आमचा पडदा होता १६ : ९ चा. पडद्याने ते चित्र ताणून आपली रुंदी भरून काढली, म्हणून वर्तुळ उंचीपेक्षा एक-तृतीयांशाने अधिक रुंद दिसले. भागाकार करून खात्री करून घ्या.

ओळख पोचली का नाही? व्हीजीए तारेच्या टोकाला १५ टाचण्या असतात. त्यांपैकी १२ व १५ क्रमांकाच्या टाचण्या ओळखपत्रासाठी आहेत. रंगांसाठी वेगळ्या, ओळी जुळविण्यासाठी वेगळ्या. म्हणून चित्र येत होते. पण बारावी टाचणी वाकून आडवी झाली होती! वीज बंद करून, तार काढून, चिमट्याने ती हलकेच सरळ केली. पुन्हा चालू करताच १९२० × १०८० हे पूर्ण माप आले आणि वर्तुळ गोल झाले. तो पडदा आजही त्याच टेबलावर आहे.

जाता जाता एक गणित. आजच्या चपट्या पडद्यांत झोत नाही, तरी राखीव वेळेची चाल टिकून आहे. एचडीएमआय तारेतून आवाज त्याच वेळात पाठवितात. १९२० × १०८० च्या नेहमीच्या मापात वेळ २२०० ठिपक्यांचा व ११२५ ओळींचा असतो आणि सेकंदाला १४,८५,००,००० ठिपके जातात. तर सेकंदाला चित्रे किती?