गोरोगोरो म्हणजे गडगड

रात्री साडेआठला अंथरुणं पडली की माझा साडेतीन वर्षांचा मुलगा लायब्ररीच्या पिशवीतून एक पुस्तक ओढतो आणि माझ्या मांडीत येऊन बसतो. आम्ही टोकियोत निशिकासाईला राहतो. इथे भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत, बाजारात मराठीही कानावर पडतं. तरी पाळणाघरातून तो रोज नवं जपानी घेऊन येतो आणि घरातल्या मराठीचं कसं होणार, याची मला धास्ती वाटायची.

मुलांना पुस्तक वाचून दाखवण्याला जपानीत ‘योमिकिकासे’ म्हणतात. वाचणं आणि ऐकवणं, दोन्ही या एका शब्दात आलं. ही सवय इथे अनेकांनी मेहनतीने रुजवली. १९५८ साली लेखिका मोमोको इशिई यांनी टोकियोच्या ओगिकुबो भागात आपल्या राहत्या घरी ‘कात्सुरा बुन्को’ हे मुलांचं वाचनालय उघडलं. तिथले अनुभव त्यांनी १९६५ मध्ये पुस्तकरूपाने मांडले आणि मग ठिकठिकाणी घराघरांत अशी छोटी वाचनालयं सुरू झाली. २००१ मध्ये ‘बुकस्टार्ट’ हा उपक्रम आला. बाळाला तपासणीला नेलं की तिथेच कुणीतरी त्याला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवतं आणि आईबाबांना ते भेट देतं. कल्पना मूळची ब्रिटनची, पण आज जपानमधल्या हजाराहून जास्त गावा-शहरांत ती चालते.

सुरुवातीला मी मात्र वाचन म्हणजे शिकवणीच करून टाकली होती. अक्षरावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, “हे कुठलं?” चौथ्या पानाला पोरगा उठून जायचा. एकदा लायब्ररीत गोष्टींच्या कार्यक्रमाला बसले. वाचणाऱ्या बाईंनी आधी मुखपृष्ठ दाखवलं, सावकाश एकेक पान उलटलं, शेवटी पुस्तक पालथं उघडून मागचं-पुढचं चित्र एकत्र दाखवलं आणि मिटून ठेवलं. तात्पर्य सांगितलं नाही, काही विचारलंही नाही. मुलं थोडा वेळ तशीच बसून राहिली. त्या दिवसापासून मी बोट ठेवणं सोडलं.

त्यानंतर ‘गुरी तो गुरा’ आमच्याकडे कितीदा वाचून झालं, मोजदाद नाही. १९६३ सालची ही गोष्ट. दोन रानउंदरांना जंगलात भलंमोठं अंडं सापडतं. ते त्याचा केक करतात आणि सगळ्या प्राण्यांना वाटतात. केक फुगलेला दिसला की आमचा मुलगा अजूनही पानाचा वास घेतो.

एका रात्री दुसऱ्या एका पुस्तकात ढग ‘गोरोगोरो’ वाजले.

“आई, आपले ढग काय म्हणतात?”

“गडगड.”

जपानीत जड वस्तू घरंगळली तरी गोरोगोरोच. मी म्हटलं, “आपला भोपळासुद्धा गडगडतच जातो.” त्याने लगेच विचारलं, “कुठला भोपळा?” मग म्हातारीची आणि भोपळ्याची अख्खी गोष्ट मराठीत झाली. पुढच्या रात्री त्याने जपानी पुस्तक बाजूला सारलं आणि पुण्याहून आणलेलं माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ माझ्या हातात दिलं.

भाषेची माझी धास्ती तेव्हा गेली. तुमच्या घरात मराठी, कोकणी, जे काही बोललं जात असेल त्यात वाचा. रोज पंधरा मिनिटं पुरतात. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तर विसाव्यांदा वाचा. परीक्षा घेऊ नका. मूल काय शिकलं हे त्याच्या प्रश्नांतून आपोआप कळतं. त्या रात्री मला ते भोपळ्यामुळे कळलं.