भोकरदनवरून जाणारं स्थानक

केळणा नदीच्या काठचं भोकरदन हे सातवाहनकाळातलं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं हे नगर. १९७३ मध्ये इथे उत्खनन झालं. इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी साम्य असलेली मूर्ती इटलीत पॉम्पेईला मिळालेली आहे. भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावं कोरलेली दिसतात. कुणी खांब दिला, कुणी सूची म्हणजे आडवी पट्टी दिली, असे गावोगावचे तुकडे जोडून स्तूपांभोवतीचे कठडे उभे राहिले.

तशाच रीतीनं, देशोदेशीचे भाग जोडून उभं राहिलेलं एक ठिकाण आज याच गावावरून जातं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतं. त्याची लांबी १०९ मीटर, वजन चारशे टनांहून अधिक.

एवढी वास्तू एका रॉकेटात मावणार नव्हती. नोव्हेंबर १९९८ मध्ये रशियन रॉकेटनं ‘झार्या’ हा पहिला भाग वर नेला, डिसेंबरात अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ यानानं ‘युनिटी’ नेला. दोन्ही जोडले, तरी विजेच्या आणि संदेशांच्या केबल बाहेरून हातानंच लावायच्या होत्या. अंतराळवीर जेरी रॉस आणि जेम्स न्यूमन यांनी तीन स्पेसवॉक करून, म्हणजे यानाबाहेर पडून, त्या लावल्या. तेव्हापासून स्थानकाच्या उभारणीसाठी आणि देखभालीसाठी अडीचशेहून अधिक स्पेसवॉक झाले आहेत.

‘वॉक’ म्हणतात, पण तिथे पाय फारसे कामाचे नसतात. सगळी भिस्त हातांवर. अंतराळवीराच्या पोशाखातला दाब आपल्या हवेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच. म्हणून बाहेर पडण्याआधी बराच वेळ शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढावा लागतो, नाहीतर त्याचे बुडबुडे होतात. तरीही बाहेर पोकळी असल्यानं हातमोजे फुगून ताठ झालेले असतात, त्यामुळे मूठ मिटायलाही जोर लागतो. बोल्ट फिरवायला जावं तर माणूसच उलटा फिरतो. म्हणून पाय आधी अडकवून घ्यायचे. प्रत्येक हत्यार दोरीनं बांधलेलं. असं काम सलग सहा-सात तास चालतं. त्याचा सराव ह्यूस्टनच्या बारा मीटर खोल तलावात, पाण्याखाली होतो.

२०१२ मधला प्रसंग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. वीजपुरवठ्याचा एक डबा बसवायचा होता, पण बोल्ट बसेना. आट्यांत धातूचा कीस अडकला होता. अंतराळवीर सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे यांनी केबलच्या तारांचा ब्रश आणि दात घासायचा ब्रश वापरून ती जागा साफ केली आणि डबा बसवला. कोट्यवधींच्या यंत्रणेतला पेच शेवटी हाताशी असलेल्या वस्तूंनी आणि डोक्यानं सोडवला. सुनीता यांचे नऊ स्पेसवॉक झाले, एकूण ६२ तास ६ मिनिटांचे.

जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला या स्थानकात राहायला गेले, तिथे पोहोचलेले पहिले भारतीय. जानेवारी २०२५ मध्ये ‘स्पेडेक्स’ मोहिमेत इस्रोनं दोन उपग्रह कक्षेत जोडून दाखवले. भारताचं स्वतःचं स्थानक २०३५ पर्यंत उभारायचं आहे. त्याचेही भाग वरच जोडावे लागतील.

सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, जमिनीवर अंधार आणि वर ऊन असताना हे स्थानक डोळ्यांना दिसतं. न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे काही मिनिटांत सरकतो. दुर्बीण लागत नाही. भोकरदनवरून जाण्याच्या वेळा नासाकडून आधी कळू शकतात. पावसाळा सरल्यावर आकाश निवळतं, तेव्हा शाळांनी मुलांना मैदानावर जरूर न्यावं. ही संधी कायमची नाही; २०३०च्या सुमारास स्थानकाचं काम थांबवून ते प्रशांत महासागरात उतरवायचं ठरलं आहे.