मिलिग्रॅम आणि डाईन: जवळजवळ सारखे, पण एक नव्हेत

जुन्या शोधनिबंधांत पृष्ठताण डाईन प्रति सेंटिमीटरमध्ये असतो. आता मिलिन्यूटन प्रति मीटर लिहितात. १ न्यूटन म्हणजे १ लाख डाईन, त्यामुळे या दोन एककांत आकडा तोच राहतो. घोळ होतो तो तराजूवरच्या मिलिग्रॅममुळे.

समजा, प्लॅटिनमची स्वच्छ पट्टी २५ अंश सेल्सिअसच्या पाण्याला नुसती टेकवून पाण्याची ओढ तुम्ही डिजिटल तराजूवर मोजताय. पट्टीची परिमिती ४० मिमी, रीडिंगमधली वाढ २९४ मिलिग्रॅम. हे झालं वस्तुमान. बल हवं तर गुरुत्वीय त्वरणाने, म्हणजे ‘जी’ने, गुणायचं. तराजू इथेच प्रमाण वजनांनी कॅलिब्रेट केला असेल, तर ‘जी’सुद्धा इथलाच घ्यायचा. नवी मुंबईत तो सुमारे ९.७८६ मी/से² आहे. बल येतं २.८७७ मिलिन्यूटन आणि पृष्ठताण ७१.९. पाण्याचा माहीत असलेला आकडा ७२.०, म्हणजे मोजमाप ठीक.

पुस्तकातला प्रमाण ‘जी’, ९.८०६६५, घेतला तर ७२.१ येतं, फरक जेमतेम ०.२ टक्के. पण २९४ मिलिग्रॅम म्हणजे २९४ डाईन असं धरलं, तर ७३.५! दहापटीची चूक लगेच डोळ्यांत भरते, ही दोन टक्क्यांची भरत नाही. कारण १५ अंशांच्या पाण्याचा पृष्ठताण साधारण एवढाच असतो. तुम्ही तापमानाला दोष देत बसाल.

म्हणून वहीत तीन रकाने ठेवा: तराजूचं रीडिंग, वापरलेला ‘जी’, न्यूटनमधलं बल. बाकीची एककं त्यानंतर.